दाताची साक्ष

संस्कृतात दाताला ‘द्विज’ म्हणतात. अमरकोशाने हा शब्द तिघांना वाटून दिला आहे: दात, विप्र आणि अंड्यातून जन्मणारे जीव. तिघे दोनदा जन्मतात, एवढाच त्यांच्यातला धागा. पक्षी आधी अंडे होऊन येतो, मग पक्षी होऊन. विप्र आधी आईच्या पोटी, मग मुंजीच्या मांडवात. दात आधी दुधाचा, मग कायमचा. कोशकाराने हे तिघे शेजारी बसवले तेव्हा त्याच्या मनात काही खोडी नसावी. तरी मला नेहमी वाटते की या तिघांपैकी एकाचेच द्विजत्व वादाचे आहे. पक्ष्याला आणि दाताला दुसरा जन्म घेण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

मनुस्मृती ब्राह्मणाच्या मुलाची मुंज गर्भापासून आठव्या वर्षी सांगते, क्षत्रियाच्या मुलाची अकराव्या आणि वैश्याच्या मुलाची बाराव्या. तोंडातला पहिला दात हलू लागतो तो सहाव्या-सातव्या वर्षी आणि दुधाचा शेवटचा दात पडतो तो साधारण अकराव्या-बाराव्या. योगायोग असेल, त्यावर मला काही सिद्धान्त उभारायचा नाही. पण ज्या वयात शरीर प्रत्येक मुलाला, प्रत्येक मुलीला, घराचे नाव न विचारता दुसरा जन्म देत होते, त्याच वयात शास्त्र तो निवडक घरांतल्या मुलग्यांनाच देत होते, हे तर खरे. कोल्हापुरात एकोणिसावे शतक संपता संपता वेदोक्ताचे प्रकरण पेटले. राजा असूनही शाहू महाराजांना पुरोहिताने शूद्र ठरवून वेदोक्त मंत्र नाकारले. दात छत्रपतींनाही दोनदाच आले असणार. पण पुरोहिताला ते मोजायचे नव्हते.

एरवी मात्र मुलांचे दात मोजण्याची आपली सवय फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात बाळाला येणाऱ्या पहिल्या दोन दातांसाठी एक छोटे सूक्त आहे. त्यात त्या दातांना वाघ म्हटले आहे, आणि विनवले आहे की तांदूळ खा, जव खा, उडीद-तीळ खा, पण आईबापांना इजा करू नका. मला हे सूक्त फार आवडते. बोळक्या तोंडात दोन पांढरे ठिपके दिसले की आपण कौतुकाने फोटो काढतो. त्या ऋषीला त्यांत शिकारी दिसले. अंगावर पिणाऱ्या बाळाला दात आल्यावर आईचे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे रूपक ओढूनताणून आणलेले वाटणार नाही. मनुस्मृतीत तर मेलेल्या मुलाच्या नावाने पाणी सोडायचे की नाही, हेही दातांवर ठरते. तीन वर्षांखालच्या मुलाला पाणी देऊ नये, पण दात आले असतील किंवा नाव ठेवले असेल तर द्यायला हरकत नाही, असा त्याचा निर्णय. रोमन लोकांतही दात येण्याआधी गेलेल्या मुलाला जाळत नसत, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. म्हणजे दात हा एक उंबरठा होता. त्याच्या अलीकडचे मूल गेले तर शोक घरातल्या घरात ठेवायचा, पलीकडचे गेले तर तो विधीने करायचा.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. मुलाच्या तोंडात डोकावून मोठी माणसे काय वाचतात, आणि कुणाच्या सोयीसाठी?

मराठीत दात ‘पडतो’, झाडावरून फळ पडावे तसा. ही क्रिया अकर्मक आहे. कुणी काही केले नाही, वेळ झाली, पडला. आतले दृश्य वेगळे असते. सहा वर्षांच्या मुलाच्या जबड्याचा एक्स-रे पाहिला तर मोठ्या माणसालाही दचकायला होते, कारण हिरड्यांवर एक रांग असते आणि त्याखाली हाडात दडलेली दुसरी. वरचे वीस दुधाचे, खालचे कायमचे, आपापल्या पाळीची वाट बघणारे. खालचा दात वर सरकू लागतो तसे दुधाच्या दाताचे मूळ विरघळू लागते. शरीराच्याच पेशी ते कुरतडत नेतात, आणि सलग नेत नाहीत. मध्ये थांबतात, थोडी डागडुजी करतात, पुन्हा कुरतडतात. म्हणून सोमवारी लोंबकळणारा दात गुरुवारी घट्ट झालेला असतो आणि मूल हिरमुसते. पडलेला दात हातात घेऊन पाहिला तर त्याला मूळ जवळजवळ नसतेच, म्हणून आपल्याला वाटते की दुधाच्या दातांना मुळेच नसतात. असतात, चांगली लांब असतात. जाण्याआधी ती शरीराने परत घेतलेली असतात.

आणखी एक गोष्ट मला विचार करायला लावते. काही जणांत एखाद्या जागी खालचा कायमचा दात तयारच झालेला नसतो. अशा वेळी वरचा दुधाचा दात पुष्कळदा पडत नाही. चाळिशीतल्या माणसाच्या तोंडातही तो निमूट काम करत राहतो. म्हणजे दुधाचा दात जातो तो निव्वळ त्याचे वय झाले म्हणून जात नाही. उलट, पहिला कायमचा दात येतो तो कुणाचीही जागा न घेता. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, मोकळ्या जागेत, एक मोठी दाढ गुपचूप उगवते. घरात कुणाला तिचा पत्ता नसतो. सगळ्यांचे लक्ष पुढच्या खिंडारावर असते.

माझ्या भाचीचा पहिला दात पडला तेव्हा तिने तो तळहातावर धरून विचारले, “मावशी, हा अजून माझाच आहे ना?” मी हो म्हटले. मग ती म्हणाली, “मग कापलेली नखं?” तीही तुझीच, म्हणावे तर आदल्या रविवारी मीच ती केराच्या टोपलीत टाकली होती. मुलांच्या अशा प्रश्नांना तत्त्वज्ञान म्हणून टाळ्या वाजवण्याची हल्ली फॅशन आहे, ती मला नको वाटते. पण प्रश्न खरा होता. नखे आणि केस आपण देतो तेव्हा काही गेले असे वाटत नाही. दात गेला की तोंडात भोक पडते, रक्ताची चव येते आणि जीभ दिवसभर तिथेच घुटमळत राहते. शरीराचा एक भाग आपला होता आणि आता जमिनीवर पडला आहे, हे माणसाला पहिल्यांदा कळते ते या वयात. आणि नेमके त्याच क्षणी आजूबाजूचे सगळे म्हणतात, अरे वा, पडला! छान झाले! आयुष्यात पुढे बरेच काही जाणार असते, पण गेल्याबद्दल कौतुक होते ते याच एका गोष्टीचे.

या दाताचे पुढे काय करायचे, याचे उत्तर जवळजवळ प्रत्येक समाजाने काढून ठेवले आहे. आपल्याकडे तो कौलांवर भिरकावत आणि उंदराकडे नवा मागत. उंदीर का, तर त्याचे दात जन्मभर वाढत राहतात; मागणी जिथे साठा आहे तिथेच केलेली. जपानात खालचा दात छपरावर आणि वरचा जमिनीखाली टाकत, म्हणजे नवा दात जुन्याच्या दिशेने सरळ वाढेल. स्पेनमध्येही उंदीरच आहे. लुईस कोलोमा या लेखकाने १८९४च्या सुमारास आठ वर्षांच्या बालराजासाठी, तेराव्या आल्फोन्सोसाठी, त्याची गोष्ट लिहिली. शहरांतल्या घरांत आता परी येते आणि उशीखाली नोट ठेवून दात घेऊन जाते. यात मला एक फरक जाणवतो. उंदराशी अदलाबदल होती: दाताच्या बदल्यात दात. परीशी विक्री आहे. विक्रीत वाईट काही नाही; पण विकलेल्या वस्तूवर मग आपला हक्क उरत नाही, आणि परी त्या दाताचे काय करते हे सहसा सांगितले जात नाही.

‘अजून दुधाचे दात पडले नाहीत’ असे आपण म्हणतो ते अकलेबद्दल. बत्तिशीतल्या शेवटच्या दाढेला तर आपण अक्कलदाढ हेच नाव देऊन टाकले. दात आणि समज यांची ही सांगड आजीच्या बोलण्यापुरती राहिली असती तर बिघडले नसते. ती कायद्यात गेली. सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून काही घडले तर तो गुन्हा नव्हे, हे इंग्लंडच्या कायद्यात जुने तत्त्व होते. १८६०च्या भारतीय दंडसंहितेच्या ८२व्या कलमात ते आपल्याकडे आले आणि आजच्या न्याय संहितेच्या २०व्या कलमातही आहे. सातच का? कारण सातव्या वर्षी मुलात काहीतरी बदलते असे सगळ्यांना दिसत होते, आणि दिसण्यासारखे सगळ्यांत ठळक काय होते, तर पुढचे दात.

१८३०च्या दशकात लंडनमध्ये वैद्यकीय न्यायशास्त्र शिकवणाऱ्या अँथनी टॉड थॉम्सन या डॉक्टरने हे उघडच मांडले. आरोपी मुलाच्या तोंडात ती मागची पहिली कायमची दाढ उगवली नसेल, तर त्याने सातवे वर्ष ओलांडलेले नाही असे बेलाशक समजावे. जन्माची सरकारी नोंद इंग्लंडमध्ये १८३७ साली सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्या गरिबाच्या पोराने पाव चोरला, तर त्याला शिक्षा करता येईल की नाही, हे कुणाचे लक्ष नसलेली ती दाढ सांगणार होती.

त्याच १८३७ साली एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांना उद्देशून एक पुस्तिका काढली. विषय होता, दात ही वयाची कसोटी कशी आहे. चार वर्षांपूर्वी गिरण्यांचा कायदा झाला होता. नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत बंदी झाली. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांकडून आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही असे ठरले. पण समोरचे मूल आठ वर्षांचे की नऊ, हे कळणार कसे? मालकाला मूल मोठे हवे होते. घरी चूल पेटत नव्हती, म्हणून बापालाही ते मोठेच हवे होते. डॉक्टर उंची बघून दाखला देत, आणि थोराड मूल आठव्या वर्षीच नवाचे होऊन आत जाई. सॉन्डर्सचे म्हणणे असे की उंची फसवते, माणसे खोटे बोलतात. दाताला खोटे बोलता येत नाही.

सॉन्डर्सच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्याच्या मोजमापाने काही मुले तरी यंत्रांपासून लांब राहिली असतील. तरीही त्या पुस्तिकेमागचे चित्र डोळ्यांसमोर आणले की अस्वस्थ व्हायला होते. मूल तोंड उघडून उभे आहे. चौघे वडीलधारे त्यात वाकून पाहत आहेत, आणि आत काय आहे त्यावरून त्याच्याकडून किती तास काढून घ्यायचे ते ठरणार आहे. नऊ वर्षांच्या मुलाने आठवड्याला ४८ तास का राबावे, हा प्रश्न दाताला विचारण्यासारखा नव्हता, म्हणून तो त्या दालनात कुणी विचारला नाही. दाताने सांगितले ते खरेच होते. फक्त त्याला विचारले होते तेवढेच त्याने सांगितले.

हिंदुस्थानातला पहिला गिरणी कायदा १८८१चा. त्याने किमान वय ठरवले सात. सात ते बारा वर्षांच्या मुलांनी दिवसाला नऊ तास काम करायचे. ज्या वयात दंडसंहितेने मुलाला गुन्हा करण्याइतके जाणते मानायला सुरुवात केली, ज्या वयात एका घरात मुंज होत होती, त्याच वयात मुंबईतल्या दुसऱ्या घरातले मूल भोंग्याबरोबर गिरणीच्या फाटकातून आत जात होते. तिघांच्याही तोंडात पुढे खिंडार. १८९१ साली ही मर्यादा नऊवर गेली आणि कामाचे तास सातवर आले.

कसोटी तेव्हापासून बरीच सुधारली; तिच्यापुढे उभे राहणारे मात्र बदलले नाहीत. बालन्याय कायद्याच्या ९४व्या कलमानुसार वय ठरवताना आधी शाळेचा दाखला, मग जन्माचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणजे शरीर उघडून दाखवण्याची वेळ येते ती ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यावर. कागद असलेल्या घरातला दुधाचा दात चांदीच्या डबीत जातो. चौदाव्या वर्षानंतर तर बाकी सगळे दात जवळजवळ पुरे झालेले असतात आणि वाचण्याजोगी एकच राहते, ती अक्कलदाढ. सतराचा की एकोणिसाचा, सुधारगृह की तुरुंग, हे तिच्या मुळांकडे बघून ठरवायचे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच म्हटले आहे की अशा तपासणीत दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात. हे नाव ज्याने दिले त्याला ते इतके शब्दशः घेतले जाईल असे वाटले नसेल.

मुलांच्या दातांना याहून वेगळे काही विचारले गेले, असा एक मोठा प्रसंग मला माहीत आहे. तो अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला. १९५०च्या दशकात अणुचाचण्या उघड्या हवेत होत होत्या. त्यांतून उडणारे स्ट्रॉन्शियम-९० पावसाबरोबर गवतावर उतरे, गवतातून गाईत, गाईतून दुधात. शरीराला ते कॅल्शियमसारखेच वाटते, म्हणून ते हाडांत आणि दातांत जाऊन बसते. जिवंत मुलाचे हाड तपासायला काढता येत नाही. दात मात्र मूल आपण होऊन देते. १९५८ साली तिथले नागरिक आणि शास्त्रज्ञ एकत्र आले, आणि डॉ. लुईझ राइस यांच्या पुढाकाराने दुधाचे दात गोळा होऊ लागले. शाळा, ग्रंथालये, दंतवैद्य, सगळीकडून पाकिटे येत. सोबतच्या कार्डावर मुलाची जन्मतारीख, गरोदरपणी आई कुठे राहत होती, मूल अंगावर प्यायले की बाटलीने, अशी माहिती असे. दात देणाऱ्याला एक बिल्ला मिळे. १९७० पर्यंत सुमारे ३ लाख २० हजार दात जमले.

१९६१ साली पहिले निष्कर्ष छापून आले, आणि भीती खरी ठरली: चाचण्या वाढल्या तसे दातांतले स्ट्रॉन्शियम वाढत गेले होते. १९६३ साली मॉस्कोत हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार झाला. तो दातांमुळेच झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण चौकशीची दिशा इथे उलटली होती. ‘तू किती मोठा झालास, तुझ्याकडून आता काय घेता येईल’ हा प्रश्न नव्हता. आम्ही तुझ्या दुधात काय कालवले, हा होता. दाताने तेही तितक्याच सरळपणे सांगितले.

हे सगळे निर्मळ होते असेही मी म्हणणार नाही. सात वर्षांच्या मुलाने परीचे नाणे सोडून दात पाकिटात घातला, ती त्याची इच्छा की आईची? २००१ साली वॉशिंग्टन विद्यापीठाला एका जुन्या दारूगोळ्याच्या कोठारात ८५ हजार दात पाकिटांसकट पडलेले सापडले आणि ते दुसऱ्या संशोधकांकडे गेले. देणारे तोवर चाळिशीच्या आसपास किंवा पुढे होते. सातव्या वर्षी एका प्रश्नासाठी दिलेला दात पन्नाशीत दुसऱ्या प्रश्नासाठी वापरला तर चालतो का? भाचीचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो आणि ‘हो, तुझाच’ एवढे उत्तर पुरत नाही. माझ्यापुरते मी इतकेच ठरवले आहे की दात कुणाचा हे ठरत नसेल तेव्हा त्याला काय विचारले जात आहे ते बघावे.

कारण विचारण्यासारखे त्यात पुष्कळ असते. दुधाच्या दाताचे कवच आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारास बनू लागते आणि मूल जन्मते त्या दिवसाची एक बारीक रेघ त्या इनॅमलमध्ये उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाच्याही दातात ही नोंद असते, फक्त तारीख नसते. मागून येणारे पुढचे कायमचे दात आपल्याला अगदी नवे, कोरे वाटतात. त्यांचे कवच मात्र मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंतच बनून गेलेले असते. त्या वर्षांत मोठा ताप येऊन गेला असेल, किंवा बरेच दिवस पोटभर मिळाले नसेल, तर इनॅमल बनणे मंदावते आणि दातावर आडवी खाच राहते. ती पुढे भरून येत नाही. द्विज हा शब्द ऐकून वाटते की दुसरा जन्म म्हणजे पाटी पुसून नवा आरंभ. दात तसा जन्मत नाही. पहिल्या बालपणात जे सोसले ते अंगावर घेऊनच तो वर येतो.

बीडकडून दरवर्षी ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांबरोबर मुलेही असतात. त्यांचे दात कुठल्यातरी फडाच्या कडेला, कोपीबाहेर पडत असणार. कोपीला कौले नसतात. त्यांतल्या एखाद्याकडे उद्या कागद नसला आणि कुठल्याशा कारणाने त्याला वयासाठी डॉक्टरपुढे उभे केले, तर डॉक्टर त्याला आ करायला सांगेल, दात मोजेल, एक्स-रे काढेल. पुढच्या दातांवरच्या खाचा त्याला दिसतील. ज्याला वाचता येते त्याला त्यांवरून कोणत्या वयात काय झाले याचा अंदाजही बांधता येतो. वयाच्या दाखल्यात त्यांच्यासाठी रकाना नसतो.